सतरावी नोंद

मंडळाचा वार्षिक अहवाल दरवर्षी मार्चअखेर पूर्ण होई, आणि त्याची शेवटच्या तीन आठवड्यांची सेवा कोलमन मॅकडोनाच्या हातून घडे. 'सेवा' हा शब्द त्याने कधी उच्चारला नव्हता. डब्लिनच्या कालव्याकाठच्या त्या काचेच्या इमारतीत तो उच्चारला असता तर लोक हसले असते. परंतु पाने जुळवताना, परिशिष्टांचे क्रमांक पुनःपुन्हा ताडून पाहताना त्याची मुद्रा अशी होई, जणू रविवारच्या प्रार्थनेपूर्वी तो वेदीवर मेणबत्त्या मांडतो आहे.

बँका बुडाल्या तेव्हा त्यांच्या कर्जांपाठोपाठ कितीतरी जमिनी, बंद पडलेली हॉटेले आणि अर्ध्यावर सोडलेल्या वसाहती सरकारच्या गळ्यात आल्या. त्यांची व्यवस्था लावण्यासाठी हे मंडळ स्थापन झाले. जे जनतेचे आहे त्याची हकीकत जनतेपुढे ठेवली पाहिजे, म्हणून कायद्याने मंडळावर अहवालांचे बंधन घातले होते: दर तिमाहीला मंत्र्यांपुढे, वर्षाकाठी लेखापरीक्षकांपुढे, आणि शेवटी संसदेच्या दोन्ही सभागृहांपुढे. चौसष्टाव्या वर्षीही कोलमनची या व्यवस्थेवर श्रद्धा होती. माणसे चुकतात, लबाडी करतात, हे तो जाणून होता. पण कागदावर खरे उतरले आणि तो कागद सभागृहापुढे ठेवला गेला, की कोणीतरी तो वाचणारच, असा त्याचा दृढ समज होता.

कायद्याचे आणखी एक बंधन होते. अहवाल एकाच दिवशी दोन भाषांत ठेवला गेला पाहिजे: इंग्रजीत आणि आयरिशमध्ये. राज्यघटनेत आयरिशला पहिले स्थान होते, आणि लोकांच्या जिभेवर बहुधा शेवटचे. इंग्रजीच्या चारशे प्रती छापत, आयरिशच्या पंचवीस. इतर खाती हे भाषांतर बाहेरून करवून घेत. या मंडळाला ती गरज नव्हती, कारण कोलमन पश्चिम किनाऱ्यावरच्या अशा बेटावर जन्मला होता, की जिथे त्याच्या आईला मरेपर्यंत दुसरी भाषा नीट आली नाही. अहवालाचे आयरिश रूप तो दरवर्षी स्वतः लिही. ते त्याच्या आईच्या भाषेत असे, आणि आईला वाचता येत नव्हते.

त्या गुरुवारी दुपारी अहवाल विभागाची प्रमुख ओर्ला क्विगली त्याच्या टेबलाशी येऊन उभी राहिली. ती त्याच्याहून वीस वर्षांनी लहान, कामाला वाघीण, आणि त्याच्याशी कधी उद्धटपणे न वागलेली.

"कोलमन, परिशिष्ट चार, सतरावी नोंद. तिथे अजून 'काम प्रलंबित' दिसतंय. ते 'पूर्ण' करा."

"पूर्ण झालेलं नाही, म्हणून तसं दिसतंय."

"प्रमाणपत्र आलंय."

कोलमनने फाइल पुढे ओढली. "हे म्हणता? 'दर्शनी पाहणीवर आधारित अभिप्राय.' म्हणजे गृहस्थ रस्त्याकडेला गाडी लावून, काच खाली करून, घरं बघून गेले. आपला इंजिनीअर ऑक्टोबरात माळ्यावर चढला होता. त्याने काय लिहिलंय—"

"मला ठाऊक आहे त्याने काय लिहिलंय."

"एकतीस घरं आहेत, ओर्ला."

सतरावी नोंद रॉसकॉमन परगण्यातल्या कॅरिगबान या वसाहतीची होती. आठ-आठ घरांच्या सहा रांगा. प्रत्येक रांगेवर एकच लांब छप्पर. दोन घरांमधली भिंत माळ्यातून थेट छपराच्या पोटापर्यंत गेली पाहिजे, असा नियम. बांधणाऱ्याने पैसे संपत आल्यावर ती छताशीच थांबवली आणि पुढे स्वतःच नाहीसा झाला. अठ्ठेचाळीसपैकी एकतीस घरांच्या डोक्यावर माळा मोकळा होता. एका स्वयंपाकघरात आग लागली, तर छपराखालून ती शेवटच्या घरापर्यंत जायला वीस मिनिटे पुरतील, असे इंजिनीअरने लिहिले होते.

ओर्लाने खुर्ची ओढून घेतली. "काम काढलं तर दोन वर्षं जातील. वसाहत यंदा सुटली नाही तर मंत्री मला विचारतील, मंत्र्यांना पेपरवाले विचारतील. अहवालात 'पूर्ण' म्हणून गेली, आणि सभागृहाच्या एकवीस बैठकांत कुणा सभासदाने आक्षेप घेतला नाही, की ती आपली राहत नाही. मग नगरपालिका बघेल."

"आणि घेतला कुणी आक्षेप?"

ती हसली, त्या हसण्यात खरोखरच आपुलकी होती. "चारशे पानांचा अहवाल. परिशिष्ट चार, नोंद सतरा. तुमच्याशिवाय ते वाचतं कोण, कोलमन?"

ती गेल्यावर त्याने 'प्रलंबित' खोडले आणि लिहिले: पूर्ण, प्रमाणपत्र प्राप्त.

रविवारी सकाळच्या गाडीने तो कॅरिगबानला गेला. तिथे तिसऱ्या रांगेतल्या पाचव्या घरात त्याची भाची सोरका आपल्या सात वर्षांच्या मुलीसह, मेव्हसह, भाड्याने राहत होती. त्याची बहीण नान हिची ही एकुलती मुलगी. नान जाऊन तीन वर्षे झाली होती. तेव्हापासून महिन्यातला एक रविवार तो इथे घालवी.

सोरका वृद्धाश्रमात परिचारिका होती. तिने चहाचा मग आणि लोणी लावलेला सोडा-ब्रेडचा जाड काप त्याच्यापुढे ठेवला आणि समोर बसली. ती बोलणार तोच मागच्या दाराने शेजारीण आत आली. झुलमिरा मूळची ब्राझीलची; गावातल्या खाटीक-कारखान्यात ती दहा वर्षे मांस कापत होती.

"आले का सरकार?" ती म्हणाली. "काय हो मामा, आमच्या रस्त्यावर डांबर कधी पडणार? का मी म्हातारी झाल्यावर काठी टेकत बघायला येऊ?"

"डांबराचं खातं माझ्याकडे नाही, झुलमिरा."

"तुमच्याकडे कधी काहीच नसतं. भला माणूस, पण रिकामा." तिने सोरकाचा केकचा डबा परत ठेवला, मेव्हच्या डोक्यावर टपली मारली आणि आली तशी गेली.

सोरकाने दार लावले. "मामा, ऑक्टोबरात एक माणूस आमच्या माळ्यावर चढला होता. उतरला तो गप्पच. चहा विचारला तर नको म्हणाला. सरकारी माणूस चहाला नको म्हणतो, म्हणजे काहीतरी आहेच."

"त्याला घाई असेल."

"रविवारी झुलमिराचा रेडिओ मला छतातून ऐकू येतो. भिंतीतून नाही, छतातून. तुमच्या मंडळात आमच्या घरांबद्दल काय लिहिलंय?"

"मला सांगता येत नाही, सोरका."

"सांगता येत नाही म्हणजे सांगण्यासारखं आहे."

मंडळाची माहिती बाहेर नेणाऱ्यास दंड होता, कैद होती, आणि ज्याची निवृत्ती जूनमध्ये येऊन ठेपली आहे त्याला त्याहून मोठे भय पेन्शनचे होते. शिवाय आणखी एक गोष्ट होती, जिच्याकडे तो स्वतःही फारसा पाहत नसे. आपले कोणी नातलग मंडळाच्या मालमत्तेत राहत असल्यास दरवर्षी लिहून द्यावे लागे. सोरका इथे आली त्या वर्षापासून तो त्या कागदावर 'बदल नाही' या चौकोनात खूण करून देत होता. पहिल्या वर्षी विसरला म्हणून, आणि नंतर पहिल्या वर्षी विसरला होता म्हणून.

"मेव्हला मी माझ्याच खोलीत घेते झोपायला," सोरका म्हणाली. "तिच्या खोलीतलं सॉकेट तडतडतं. मी मूर्ख बाई नाही, मामा. मला एवढंच सांग, घर बदलू का?"

"चहा थंड होतोय," कोलमन म्हणाला.

मेव्ह शाळेचे आयरिशचे पुस्तक घेऊन आली. "आजोबा, हे मला येत नाही. आईला पण येत नाही."

"मला कुठून येणार?" सोरका म्हणाली. "आजीने तुझ्या शिकवलंच नाही मला. घरात रोज बोलायची, पण माझ्याशी नाही. का, ते देवाला माहीत."

ते कोलमनलाही माहीत होते. तीस-बत्तीस वर्षांपूर्वी, तो डब्लिनला नोकरीस लागल्यावर, नानने पत्र लिहून विचारले होते, की पोरीशी कोणत्या भाषेत बोलू. त्याने उलटटपाली लिहिले होते: इंग्रजीत बोल. आपल्या भाषेवर तिचे पोट भरणार नाही. त्याचे स्वतःचे पोट तेव्हा त्याच भाषेच्या भत्त्यावर भरू लागले होते.

सोमवारी तो आयरिश प्रत लिहायला बसला. परिशिष्ट चार येईपर्यंत गुरुवार उजाडला. सतरावी नोंद समोर आली. मग त्याने 'पूर्ण' हा शब्द लिहिला नाही. आई ज्या शब्दांनी घराचे आढे, वासे आणि कूड सांगायची, त्या शब्दांत त्याने तीन वाक्ये लिहिली:

या वसाहतीतील एकतीस घरांच्या भिंती आढ्यापर्यंत गेलेल्या नाहीत. एका घराला आग लागली तर ती रांगेतल्या आठही घरांत शिरेल. हे मंडळाला गेल्या ऑक्टोबरपासून ठाऊक आहे.

लिहून झाल्यावर त्याला आपल्या छातीत काहीतरी मोकळे झाल्यासारखे वाटले. दोन्ही प्रतींना कायद्याने सारखीच मान्यता होती. जे खरे ते आता राज्याच्या पहिल्या भाषेत, राज्याच्या कागदावर होते. अध्यक्षांनी दोन्ही प्रतींवर सह्या केल्या; आयरिश प्रतीवर सही करताना ते म्हणाले, "वा, ही नेहमी जास्त देखणी दिसते," आणि टोपण लावले. छापखान्यातून पंचवीस प्रती आल्या. ईस्टरनंतरच्या मंगळवारी अहवाल सभागृहांपुढे ठेवला गेला. एकवीस बैठका मोजायला त्या दिवसापासून प्रारंभ झाला.

दुसऱ्याच दिवशी देखरेख समितीची बैठक होती. कोलमन अधिकाऱ्यांच्या मागच्या ओळीत बसला होता. समितीवर फेलिम टुही नावाचे खासदार होते. त्यांचा मतदारसंघ कोलमनच्या बेटाचा. त्यांनी बोलायला उठताना इंग्रजीची जाड प्रत बाजूला सारली आणि आयरिशची तेवढीच जाड प्रत दोन्ही हातांत धरून उंचावली. "देव तुम्हा सर्वांच्या सोबत असो," ते आयरिशमध्ये म्हणाले. मग त्याच भाषेत आणखी दोन वाक्ये आली, पाठ केलेली, पण सुरेल. सगळे सभासद माना लववून ऐकत होते. एका बाईंचे डोळे भरून आले. त्यानंतर टुही इंग्रजीकडे वळले आणि वीस मिनिटे एका हॉटेलाच्या विक्रीबद्दल बोलले. त्या दालनात गेली कित्येक वर्षे हाच प्रघात होता: आरंभी चार शब्द पूर्वजांच्या भाषेत, बाकीचे काम कामाच्या भाषेत. कोणाला त्यात विसंगती दिसत नसे.

बैठक संपल्यावर कोलमनने त्यांना पायऱ्यांवर गाठले.

"अरे, कोलमनदादा!" टुहींनी त्याचा हात धरून हलवला. "काय प्रत केलीस! कागदसुद्धा कसला गुळगुळीत."

"वाचलीत का, साहेब?"

"वाचणार ना. उशाशी ठेवणार."

"परिशिष्ट चार बघा. नोंद सतरा." "आपल्या बेटावरचे जुने शब्द घातलेत तिथे. घराचे, आढ्याचे. तुम्हाला आवडतील. जरूर बघा."

"जुने शब्द! वा वा. आईची आठवण करून दिलीस बघ." त्यांनी ती प्रत मागे उभ्या असलेल्या स्वीय सहायकाकडे न पाहता दिली. "नीट ठेव रे ही. भिंतीवरच्या कपाटात, दर्शनी."

आठवड्याला तीन बैठका होत; म्हणजे सात आठवडे जाणार होते. कोलमन रोज संध्याकाळी सभागृहाचे कामकाज चाळी आणि डायरीत बैठकीचा आकडा लिही. पाच. आठ. अकरा. आक्षेप आला नाही. 'कोणीतरी वाचेल' हे वाक्य तो मनात आधी निश्चयाने म्हणे. पुढे ते विनवणीसारखे येऊ लागले. परंतु एक गोष्ट त्याला सुचली नाही, आणि ती का सुचली नाही याचे उत्तर त्याला पुढे स्वतःलाच द्यावे लागणार होते.

तेराव्या बैठकीच्या दिवशी पत्र आले. मंत्रालयातल्या भाषापालन कक्षाचे होते. सरकारी कागद दोन्ही भाषांत नियमानुसार निघतात की नाही, हे पाहणे त्या कक्षाचे काम. पत्र आयरिशमध्ये होते. खाली सही: ब्रोना हसी.

"गेल्या कित्येक वर्षांत," पहिल्या परिच्छेदात लिहिले होते, "सरकारी कागदात इतकी जिवंत, इतकी निर्दोष भाषा आमच्या पाहण्यात आलेली नाही." कोणीतरी वाचले होते. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत, एका माणसाने वाचले होते.

दुसरा परिच्छेद असा होता: "तथापि पृष्ठ ३१२, परिशिष्ट चार, नोंद सतरा येथे आयरिश मजकूर इंग्रजी मजकुराशी जुळत नाही. इंग्रजीत 'पूर्ण' असे असून आयरिशमध्ये तीन भिन्न वाक्ये आहेत. दोन्ही प्रती समान असणे बंधनकारक असल्याने आयरिश प्रत इंग्रजीनुसार दुरुस्त करून तीस दिवसांत कळवावे."

त्याने पत्रावरचा क्रमांक फिरवला. पलीकडून आलेला आवाज दक्षिणेकडच्या वळणाचा, प्रौढ, आर्जवी होता. बोलणे अर्थातच आयरिशमध्ये झाले.

"तुम्ही सगळं वाचलंत, बाई?"

"शब्दन् शब्द. काय लिहिता हो तुम्ही!"

"मग ते सतरा नंबरचं—"

"वाचलं ना. अंगावर काटा आला."

"मग?"

"मग काय?" तिला प्रश्न कळला नव्हता. "मजकूर जुळतो की नाही, एवढंच आमच्याकडे. खरा की खोटा, ते बघणारं दुसरं कुणी असेल की."

"आहे. त्यांना आयरिश वाचता येत नाही."

"आई गं," ती हळूच म्हणाली. नंतर, जणू त्याला काहीतरी द्यावे म्हणून: "पण आढ्यासाठी तुम्ही जो शब्द घातलाय ना, तो माझी आजी वापरायची. मी तो कितीतरी वर्षांनी बघितला. डोळ्यांत पाणी आलं हो माझ्या."

कोलमनने तिचे आभार मानले आणि फोन ठेवला.

पत्राची प्रत ओर्लाकडेही गेली होती, आणि तिच्यासाठी कक्षाने त्या तीन वाक्यांचा इंग्रजी तर्जुमा सोबत जोडला होता. दुपारी तिने त्याला आत बोलावून दार लावून घेतले.

"काय केलंत हे?"

"भाषांतर."

"कशाचं?"

"इंजिनीअरच्या अहवालाचं."

ती रागावलेली नव्हती, थकलेली होती. तिने एक टंकलिखित कागद त्याच्यापुढे सरकवला. "'सदर तीन वाक्ये जुन्या मसुद्यातून भाषांतरकाराच्या अनवधानाने राहून गेली.' खाली सही करा. सुधारित पान उद्या सभागृहापुढे जाईल. विषय संपला."

"अनवधानाने नाही राहिली."

"मग चौकशी होईल. चौकशीत पहिला प्रश्न कुठला असेल सांगू? तिसरी रांग, पाचवं घर. सोरका फ्लॅहर्टी. तुमची सख्खी भाची." तिने दुसरा कागद काढला नाही, काढण्याची गरज नव्हती. "'बदल नाही', 'बदल नाही', 'बदल नाही.' तीन वर्षं, कोलमन. दुसऱ्यांचे अहवाल तपासणारा माणूस!"

"चौकशीत भिंतीही निघतील," तो म्हणाला.

"निघतील ना. दीड वर्षाने. तोवर वसाहत सुटलेली असेल. तुमचं पेन्शन मात्र आधी जाईल." ती थोडी पुढे झुकली. "मी वाईट बाई नाही. मला खरंच एक कळत नाही, म्हणून विचारते. एवढा जीव तुटत होता, तर भाचीला वाचून का नाही दाखवलंत?"

"मंडळाची गुप्तता—"

"कसली गुप्तता? छापलेलं पान. संसदेत ठेवलेलं. त्या मंगळवारपासून ते जगातल्या कुणालाही वाचून दाखवता आलं असतं. पोस्टमनलासुद्धा. कुणी तुमचं काही वाकडं करू शकलं नसतं. मीसुद्धा."

कालव्यावरून एक हंस संथपणे निघाला होता; कोलमन त्याच्याकडे पाहत राहिला. ती सांगत होती ते अक्षरशः खरे होते. चार आठवडे ते सत्य उघड्यावर पडून होते आणि त्याने त्याला हात लावला नव्हता. ते कोणी वाचावे म्हणून त्याने त्या भाषेत लिहिले नव्हते. लिहिल्याचे पुण्य मिळावे आणि वाचले जाण्याचे भय नसावे, अशी एकच जागा त्याला ठाऊक होती, आणि ती त्याच्या आईची होती.

"उद्या नवं पान गेलं की हे पुन्हा गुप्त होईल," ओर्ला म्हणाली, आणि लेखणी त्याच्या हाताशी ठेवली.

त्याने सही केली. अक्षर नेहमीसारखेच सुरेख आले.

घरी पोचल्यावर त्याने अंगातला कोटही न काढता सोरकाला फोन लावला. ती सहा वाजायच्या आत कामावर निघणार होती. उद्या सकाळपर्यंत ते पान जगाचे होते. पृष्ठ ३१२ त्याच्या पुढ्यात उघडे होते.

"बोल, मामा," ती घाईत म्हणाली. "मी निघतेय. काय झालं?"

तो त्या तीन वाक्यांकडे पाहत होता. सहीची शाई अजून बोटाला होती. आत्ता हे वाचले, तर सोरका उद्या एखाद्या खासदाराकरवी आक्षेप नोंदवील. आक्षेपामागोमाग विचारणा येईल, की कोणी सांगितले.

"मेव्हचा खोकला कसा आहे?" त्याने विचारले.

"बरा आहे. एवढ्यासाठी?"

"एवढ्यासाठीच."

एकविसावी बैठक मेअखेरीस झाली. कोणी काही बोलले नाही. कॅरिगबान सुटली. मंडळाच्या पुढच्या तिमाही अहवालात 'भाषांतरातील एक त्रुटी वेळीच दूर करण्यात आली' असे एक वाक्य आले, आणि त्या वाक्याचे आयरिश रूपही कोलमननेच केले. ते तंतोतंत जुळले.

जूनमध्ये त्याचा निरोपसमारंभ झाला. टुही मुद्दाम आले. "देव तुम्हा सर्वांच्या सोबत असो," ते म्हणाले, आणि त्याच दोन वाक्यांनंतर इंग्रजीत: "कोलमनदादासारखी माणसं गेली की ही भाषा पोरकी होईल." टाळ्या झाल्या. मंडळातर्फे त्याला आयरिश अहवालाची चामड्यात बांधलेली प्रत दिली गेली. तिच्यात पृष्ठ ३१२ नवे, बाकीच्या पानांहून किंचित पांढरे होते. ओर्लाने त्याला मिठी मारली. ती तिने मनापासून मारली, आणि हेच त्याला सहन झाले नाही.

पेन्शनचा पहिला हप्ता जमा झाल्याचे पत्र आले, त्यानंतरच्या रविवारी तो कॅरिगबानला गेला. मेव्ह बाहेर सायकल चालवत होती. सोरकाने मग पुढे ठेवला. त्याने त्याला स्पर्श केला नाही. टेबलाच्या कडेकडे पाहत त्याने सगळे सांगितले: भिंती, इंजिनीअर, ती तीन वाक्ये, ब्रोना हसी, सही. आधी त्याने ती वाक्ये आयरिशमध्ये म्हटली, जशी लिहिली होती तशी, मग इंग्रजीत.

"तू खोकल्याचं विचारलंस तो दिवस," शेवटी ती म्हणाली. "त्या दिवशी सांगता आलं असतं?"

"हो."

"त्याच्या आधी?"

"ईस्टरपासून."

"आणि आज कशाला सांगतोयस? आज काय झालं?" तिने त्याच्याकडे नीट पाहिले. परिचारिकेची ती दृष्टी कोलमनला ठाऊक होती. वृद्ध माणसे आपल्या दुखण्याबद्दल खोटे बोलतात तेव्हा ती अशीच पाहत असे. "पेन्शन सुरू झालं, होय?"

त्याने टेबलाच्या कडेवरून बोट फिरवले.

"मी तुझ्यासमोर बसून विचारलं होतं, घर बदलू का. आणि तू म्हणालास, चहा थंड होतोय." ती उठली. जिन्याखालून तिने घडीची शिडी काढली, वरच्या मजल्यावर नेली, माळ्याच्या चौकटीखाली उघडली आणि विजेरी त्याच्या हातात दिली. "चढ."

"सोरका—"

"तू बघितलंयस कधी? लिहिलंस, खोडलंस, पुन्हा लिहिलंस, पुन्हा खोडलंस. एकदा तरी बघितलंस?"

त्याने पाहिले नव्हते. तो चढला, गुडघे करकरले. डोके चौकटीतून वर काढून त्याने विजेरी पेटवली. आपल्या भाचीच्या माळ्याचा शेवट त्याला दिसेना. वाशांमागून वासे गेले होते, एखाद्या लांब बोटीच्या पोटातल्या बरगड्यांसारखे. झुलमिराची नाताळची खोकी दिसली. तिच्यापलीकडे कोणाचा तरी पाळणा. त्याच्याही पलीकडे गुंडाळलेला गालिचा. आणि पार टोकाला, आठव्या घराच्या उघड्या चौकटीतून वर आलेला दिवसाचा उजेड. कुठूनतरी तळलेल्या कांद्याचा वास येत होता. कोणाच्या घरातला ते सांगता येत नव्हते.

"दिसली भिंत?" खालून सोरकाने विचारले.

"नाही."

"काय?"

"नाही, म्हटलं. भिंत नाही. एकतीस घरांना नाही."

पुढचा आवाज आला तो झुलमिराचा, पलीकडच्या घरातून, त्या मोकळ्या माळ्यातून, आणि इतका जवळून, की कोलमन दचकून शिडी घट्ट धरून राहिला.

"ऐकलं मी, मामा," ती म्हणाली. "कधीपासून माहीत होतं तुम्हाला?"